दोरीवर टांगलेली वही

खो-खोचे एक जुने मंडळ होते आणि त्या मंडळाचे एक वृद्ध गुणलेखक होते. सामना चालू असताना मैदानाच्या कडेला टेबलाशी बसायचे आणि कोण किती वेळ टिकले, कोण कोणाच्या हातून बाद झाले, हे गुणपत्रकावर लिहायचे, एवढेच त्यांचे काम. त्रेचाळीस वर्षे त्यांनी ते हौसेने केले. मंडळाकडून चहा मिळे, पण डाव संपेपर्यंत ते कपाकडे पाहत नसत, त्यामुळे तो गारच प्यावा लागे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवले नव्हते, तरी सारे गाव त्यांना मास्तर म्हणे.

या मास्तरांकडे एके दिवशी एक शिष्या आली. तिचे नाव केतकी. इतिहास विषय घेऊन ती नुकतीच पदवीधर झाली होती आणि त्याच मंडळाच्या मुलींच्या संघातून खेळत होती. वडीलधाऱ्यांचे बोलणे संपेपर्यंत थांबणे तिला फारसे जमत नसे. मंडळाला त्या वर्षी साठ वर्षे पूर्ण होणार होती. कार्यालयाच्या पत्र्याच्या खोलीत एका लोखंडी कपाटात साठ वर्षांची गुणपत्रके गठ्ठे बांधून ठेवली होती. काही गठ्ठ्यांना कसर लागली होती, काहींवर छपराचे पाणी गळून शाई पसरली होती. दर वर्धापनदिनाला मंडळाच्या उज्ज्वल परंपरेवर भाषणे होत, परंतु ती परंपरा ज्या कपाटात होती ते उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. केतकीने ते उघडले. एक पिवळा पडलेला कागद मास्तरांपुढे ठेवून ती म्हणाली, "मला हे वाचायला शिकवा."

मास्तरांनी शिकवले. सामन्यापूर्वी संघाचा व्यवस्थापक खेळाडूंच्या नावांची यादी देतो, ती कागदाच्या वरच्या भागात उतरवायची. एकदा खेळ सुरू झाला की खाली नाव येत नाही, फक्त पाठीवरचा क्रमांक येतो. क्रमांक, वेळ, बाद झाल्याची खूण, पुन्हा क्रमांक. तीन आठवड्यांत केतकीला ती लिपी वाचता येऊ लागली. पुढचे चार महिने ती त्या पत्र्याच्या खोलीत बसली. दुपारी पत्रा तापे, तेव्हा डोक्यावर ओला रुमाल टाकून बसे. तिने प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढले, संगणकावर नोंदी केल्या आणि शेवटी एक वही सिद्ध केली. एका पानावर चार खेळाडू, अशी शंभर पाने. प्रत्येक खेळाडूचे नाव, गाव, कोणत्या वर्षी खेळला, किती सामने खेळला आणि सर्वांत जास्त किती वेळ टिकला. मुलामुलींची पाने वेगवेगळी होती, पण आडनावांच्या क्रमाने ती एकत्र लावून तिने वहीला कापडी बांधणी करून घेतली.

आता, या वहीची घाई का होती, ते सांगितले पाहिजे. या मंडळाचा एक रिवाज होता. मंडळाकडून जो शंभर सामने खेळेल, त्याचे नाव मैदानाजवळच्या भिंतीवर लिहायचे. खेळाडूंना पगार नव्हता, नोकरी नव्हती, बक्षीस म्हणजे स्टीलचा पेला. त्यामुळे भिंतीवरच्या नावाला मोठे मोल होते. भिंतीवर अकरा नावे होती, अकराही पुरुषांची. साठाव्या वर्षी ही यादी रंगात न लिहिता काळ्या दगडात कोरायची असे मंडळाच्या बैठकीत ठरले.

त्या बैठकीत केतकीने विचारले होते, "एकही बाई नाही?"

मंडळाचे अध्यक्ष रंगराव हे स्वतः शंभर सामने खेळलेले. माणूस दिलदार, पण बोलायला बसले की समोरचा ऐकायलाच जन्माला आला आहे अशा थाटात बोलत. ते म्हणाले, "मुलींचा संघ आपला नावाजलेला, कोण नाही म्हणतं? मी स्वतः व्यवस्थापक होतो त्यांचा. पण शंभर सामने म्हणजे बारा-तेरा वर्षं खेळावं लागतं. पोरी लग्न झालं की खेळ सोडतात. त्याला मंडळ काय करणार? मांडवात जाऊन अडवायचं का आम्ही?"

सगळे हसले. केतकी हसली नाही.

"कागद काय सांगतात ते बघू," ती म्हणाली.

"बघ की. चष्मा लागला तर माझा ने."

केतकीने पाहिले. मुलींच्या संघात सर्वांत जास्त सामने होते इंदुमती महिपती खरमाटे या नावावर. एकसष्ट. तिने पुन्हा मोजले. गठ्ठे सोडून चार वेळा मोजले. चारही वेळा एकसष्टच आले. त्यापुढच्या कागदांवर ते नाव कुठेही नव्हते. रंगरावांना खोटे ठरवायला ती चार महिने तापल्या पत्र्याखाली बसली होती, आणि आता तिच्याच हस्ताक्षरात रंगराव खरे ठरत होते. ही गोष्ट तिला फार लागली. चार वेळा मोजलेला हा एकसष्टचा आकडा तिने मास्तरांना सांगितला, तेव्हा मास्तर नुसते "हं" म्हणाले. हे "हं" तिला त्याहून लागले.

दगड कोरणाऱ्याला गुरुवारी नावे द्यायची होती. वहीवर मास्तरांची सही झाली की ती मंडळाची अधिकृत नोंद ठरणार होती. सोमवारी सकाळी केतकी वही घेऊन मास्तरांच्या घरी गेली.

मास्तरांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. त्याला दोन तास लागले. केतकी तेवढा वेळ समोर बसून पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होती. वाचून झाल्यावर मास्तर म्हणाले, "अक्षर सुंदर आहे. बेरजा बरोबर आहेत. आतून कात्री आण."

तिने आणली. मास्तरांनी चष्मा नीट बसवला, वही उलटी केली आणि तिच्या शिवणीचा दोरा कापला. एकदा, दोनदा, पाच ठिकाणी. मग पुठ्ठा बाजूला काढला आणि शंभर सुटी पाने तिच्यासमोर ठेवली.

केतकीने सुटी पाने दोन्ही हातांनी दाबून धरली. मग तिचे तोंड सुटले. "मास्तर, हे काय केलंत? परवा बांधून आणली मी. गुरुवारी नावं द्यायची आहेत, आणि तुम्ही सही करायची सोडून वही फाडताय?"

"फाडली नाही. सोडवली. उद्या मंगळवार ना?"

"हो. मग?"

"बाजार आहे. मैदानावरनं रस्ता जातो बाजाराचा. दोरी घेऊन ये. पन्नास हात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी खो-खोच्या मैदानाच्या दोन खांबांना दोरी बांधली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरातून कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. ते पुरेनात, तेव्हा दोन शेजारणींकडून मागून आणले. आणि केतकीची शंभर पाने, धुतलेल्या पंच्यांसारखी, ओळीने त्या दोरीवर टांगली. दर दहा पानांमागे एक लाल पेन्सिल सुतळीने लोंबकळत सोडली. मग मधोमध एक स्टूल ठेवून ते केतकीला म्हणाले, "इथं बस. संध्याकाळपर्यंत बोलायचं नाही. कुणी काही म्हणालं तर ऐकायचं."

"आणि कुणी चूक आहे म्हणालं तर?"

"पेन्सिल दाखवायची."

"आणि चूक नसली तर?"

"तरी पेन्सिल दाखवायची," मास्तर म्हणाले, आणि कडेच्या कडुनिंबाखाली जाऊन वर्तमानपत्र वाचत बसले.

केतकी स्टुलावर बसली. इतिहासाच्या अभ्यासात ती शिकली होती की जुने दस्त हात धुऊन हाताळावेत, उन्हात ठेवू नयेत, माणसांच्या गर्दीपासून दूर ठेवावेत. मूळ कागद कपाटात सुरक्षित होते हे खरे, तरी चार महिन्यांची मेहनत अशी गुरांच्या वाटेवर टांगलेली पाहून तिचे कान तापले.

प्रथम भाजी घेऊन जाणारा एक जण थांबला. मग दुसरा. दहा वाजेपर्यंत दोरीपाशी वीस-पंचवीस माणसे झाली. एस.टी.तून चालक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आपले नाव शोधून मोठ्याने वाचू लागले. वाचता वाचता थांबले. "सर्वाधिक वेळ अठरा सेकंद? हे लिहायची काय गरज होती? बायको मागनं येतीये बाजाराला."

"मग काय सांगितलं होतंस तिला?" शेजारच्याने विचारले.

"चार मिनिटं."

त्यांनी लाल पेन्सिल हातात घेतली, थोडा विचार केला आणि परत सोडून दिली. "असू दे," ते म्हणाले. "अठराच होतं. पण लिही की अंगात ताप होता." आणि स्वतःच तसे लिहून पुढे गेले.

थोड्या वेळाने डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक म्हातारा केतकीसमोर येऊन उभा राहिला. "बाई, नावापुढचं 'कै.' काढायला कुणाला भेटायचं?"

केतकीने पान पाहिले. रावजी शेलार यांच्या नावापुढे तिने कैलासवासी लिहिले होते. एका जुन्या स्मरणिकेत तसे छापलेले होते.

"तुमचे कोण हे?" न बोलण्याचे ती विसरली.

"मीच. मेलो तो चुलतभाऊ. त्याचं नावही रावजीच."

"नशीब काढलंस शेलार," मागून कोणी तरी म्हणाले. "जिवंतपणी स्वतःचं 'कै.' वाचायला मिळालं."

शेलारांनी लाल पेन्सिलीने 'कै.' खोडले, दोनदा खोडले, आणि समाधानाने मान हलवली. केतकीने मान खाली घातली. दुपारपर्यंत पानांवर तीसच्या वर लाल खुणा झाल्या. कोणाचे गाव चुकले होते, कोणी दोन वर्षे सैन्यात होता आणि त्याच्या जागी भाऊ खेळला होता, स्मरणिकेतल्या एका छायाचित्राखाली उजवीकडून सांगितलेली नावे डावीकडून छापली गेली होती आणि तशीच वहीत उतरली होती. काही लोक नुसते भांडून गेले. एकाने स्वतःचे सामने वाढवून लिहिले, तेव्हा त्याच्याच बरोबरच्या माणसाने त्याच्या हातून पेन्सिल काढून घेतली आणि सगळ्यांदेखत खरा आकडा लिहिला. हे सगळे ऐकताना केतकीचा राग कमी होत नव्हता, पण त्याची दिशा हळूहळू बदलत होती. सकाळी तो मास्तरांवर होता. दुपारी तो त्या जुन्या स्मरणिकेवर होता. तीन वाजता तो थोडासा स्वतःवर आला.

तीनच्या सुमारास एक बाई आली. साठी ओलांडलेली, अंगाने सडपातळ, हातात मेथीच्या जुड्यांनी भरलेली पिशवी. ती दोरीच्या सुरुवातीला 'ख'च्या पानापाशी उभी राहिली. वाचले. मग दुसऱ्या टोकाला, अगदी शेवटच्या खांबाजवळ, 'ह'च्या पानापाशी गेली. तेही वाचले. परत पहिल्या पानाकडे आली. पुन्हा शेवटच्या पानाकडे गेली. पिशवी जड होती, तरी चाल भरभर होती. चौथ्या फेरीला केतकीला राहवेना.

"मावशी, कुणाला शोधताय?"

"कुणाला नाही गं," बाई म्हणाली. "दोन ठिकाणी लावलंय मला. एकदा हितं आणि एकदा तिकडं. कुठल्या पानावर थांबायचं ते कळंना."

केतकी उठून उभी राहिली. "दोन ठिकाणी म्हणजे?"

बाईने पहिल्या पानावर बोट ठेवले. इंदुमती महिपती खरमाटे, सामने एकसष्ट. "ही मी. लग्नाच्या आधीची." मग ती केतकीला हाताला धरून पन्नास हात चालवत शेवटच्या पानाकडे घेऊन गेली. सौ. सुमन यशवंत हुलवळे, सामने सत्तेचाळीस. "आणि ही मी. लग्नानंतरची. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुमन लिहिलं की. आडनाव गेलं, बापाचं नाव गेलं, इंदूसुद्धा गेली. तीन वर्षं खेळ बंद होता, थोरल्याच्या वेळेला. मग सासूबाई म्हणाल्या, जा, नुसती घरात पाय आपटतीयेस त्यापेक्षा मैदानावर आपट."

केतकीने या दोन ओळी चार महिन्यांत शेकडो वेळा पाहिल्या होत्या. दोन नावे, दोन आडनावे, मध्ये तीन वर्षांचे अंतर. दोन खेळाडू. तिला कधी शंकाही आली नव्हती. तिने बेरीज केली. "मावशी, एकसष्ट आणि सत्तेचाळीस. एकशे आठ होतात."

"एकशे दहा," बाई म्हणाली. "दोन पावसानं बंद पडले होते. ते धरत नसतील."

कडुनिंबाखालून मास्तर उठून आले होते. "नाही धरत," ते म्हणाले. "सामना पूर्ण व्हावा लागतो."

"मग एकशे आठ," बाईने मान्य केले.

बाईने मनात हिशेब ठेवला होता. पावसाच्या दोन सामन्यांसकट ठेवला होता.

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत? भिंतीवर यादी लागली तेव्हा विचारलं का नाही?"

"आले होते की बघायला," बाई म्हणाली. "नाव नव्हतं. आता एवढे शिकलेले लोक कागद बघून यादी लावतात, तर चुकले असतील असं कसं वाटंल? मला वाटलं, मीच मोजायला चुकले. मग कुणाला काय विचारायचं?" ती हे अगदी सहज म्हणाली.

एवढ्यात बाजारातून रंगराव आले. गर्दी पाहून आत घुसले आणि बाईला पाहून म्हणाले, "काय वहिनी, यशवंता कसा आहे? गुडघा बरा का?"

"बरा आहे. रंगराव, ही पोरगी म्हणतीये, माझे शंभर झालेत."

"कसले शंभर?"

"सामने."

रंगराव हसायच्या बेतात होते. पण केतकीने त्यांना काही न बोलता पहिल्या पानापुढे नेले आणि मग दुसऱ्या. रंगरावांनी दोन्ही वाचली. "इंदू खरमाटे," ते हळूच म्हणाले. "काय पळायची ती पोरगी. ती... थांबा. वहिनी, ती तुम्ही?"

"मग कोण? माझ्या लग्नात वरातीपुढं नाचलात की तुम्ही."

"नाचलो खरा." रंगरावांनी टोपी काढली आणि परत घातली. "पण वहिनी खेळायच्या तेही मला आठवतं आणि इंदू खेळायची तेही आठवतं. दोघींना मी कधी शेजारी उभंच केलं नाही."

"संघाची यादी कोण लिहून द्यायचं, काका?" केतकीने विचारले.

"व्यवस्थापक."

"म्हणजे?"

"म्हणजे मी," रंगराव म्हणाले. पुढचे वाक्य केतकीच्या ओठांवर आले होते, लग्न झाल्यावर खेळ सोडणाऱ्या पोरींचे. तिने ते गिळले. त्याची गरज उरली नव्हती, कारण रंगरावांच्या चेहऱ्यावर ते आधीच पोचले होते. तो माणूस मनाने कोता नव्हता. त्यांनी सुतळीला लोंबणारी लाल पेन्सिल धरली आणि दोन्ही नावांपुढे 'एकच खेळाडू' असे लिहून खाली आपली सही केली. पेन्सिल बोथट होती, म्हणून दोनदा गिरवली.

"आता दगडावर कुठलं नाव घालायचं ते सांगा वहिनी. खरमाटे की हुलवळे?"

बाईने मेथीची पिशवी खाली ठेवली. "दोन्ही घाला," ती म्हणाली. "एकसष्ट तिनं काढले, सत्तेचाळीस हिनं. एकटीचे शंभर भरत नव्हते. दोघींनी मिळून भरलेत."

संध्याकाळी बाजार उठला. केतकी आणि मास्तर चिमटे काढून पाने उतरवू लागले. निम्मी दोरी रिकामी झाल्यावर केतकीने विचारले, "तुम्हाला माहीत होतं ना? आणि मला दिवसभर उन्हात बसवलंत. तुम्ही मोठी माणसं एक वाक्य सरळ सांगत नाही. आम्ही आपलं कोडं सोडवत बसायचं."

"माहीत नव्हतं," मास्तर म्हणाले.

केतकीच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"माहीत असतं तर इतकी वर्षं गप्प बसलो असतो का? केतकी, गुणलेखकाला खेळाडूचं तोंड दिसत नाही, पाठ दिसते. मी नजर वर उचलली की तेवढ्यात एक गडी बाद होतो. म्हणून मी उचललीच नाही. इंदूच्या पाठीवर चार होता आणि सुमनच्या पाठीवर नऊ. माझ्या लेखी चार नंबर गेला आणि तीन वर्षांनी नऊ नंबर आला. त्रेचाळीस वर्षांत एक आकडा मी खोटा लिहिला नाही. तरी बाई हरवली."

"मग दोरी कशाला बांधलीत?"

"तू चार वेळा मोजलंस म्हणून. चारही वेळा बेरीज बरोबर आली आणि तरी तुझं मन मानेना. तेव्हा मला वाटलं, चूक बेरजेत नाही, माझ्या कागदात असेल. आता कागदातली माझी चूक मला दिसणार नाही. दिसली असती तर केलीच नसती. तू माझ्याच कागदावरनं उतरवून घेतलंस, तेव्हा तुलाही दिसणार नाही. ती एकाच माणसाला दिसते. ज्याची नोंद आहे, त्याला. त्याच्यासमोर कागद धरल्याशिवाय ती सापडायची नाही. आपण इतिहास जपतो म्हणजे काय करतो, तर कपाटाला कुलूप लावतो. त्या कुलपानं कसर थांबली का? माणसं तेवढी थांबली." त्यांनी आणखी एक पान उतरवले. "कुठली चूक निघेल हे मला ठाऊक नव्हतं. निघेल एवढं ठाऊक होतं. तेवढ्यावर मी तुला काय सांगणार होतो?"

केतकीने यावर वाद घालून पाहिला. मनातल्या मनात तीन उत्तरे तयार केली आणि तिन्ही सोडून दिली. वडीलधाऱ्या माणसांचा तिला राग यायचा तो त्यांना सगळे कळते असे ते समजतात म्हणून. हे गृहस्थ तर आपल्याला काय कळले नाही, ते पन्नास हात दोरीवर टांगून बाजाराला दाखवत होते. अशा माणसावर रागवायचे कसे, हे तिला कोणी शिकवलेले नव्हते.

गुरुवारी दगड कोरणाऱ्याला बारा खेळाडूंची नावे गेली. बारावे नाव लांब असल्यामुळे त्याने थोडी कुरकुर केली. रंगरावांनी त्याला अक्षर बारीक करू दिले नाही, ओळ वाढवायला लावली.

वहीवर मास्तरांची सही मात्र अजून झालेली नव्हती, आणि आता केतकी ती मागतही नव्हती. तिला एक वेगळीच गोष्ट दिसू लागली होती. दोरीवर मुलींची चौसष्ट नावे होती. त्यांतल्या तीनच जणी त्या मंगळवारी बाजाराला आल्या होत्या. बाकीच्या लग्न होऊन दुसऱ्या गावांना गेल्या होत्या, दुसऱ्या नावांनी राहत होत्या. हे मंडळ आपली नोंद ठेवून बसले आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती. त्या कुठे गेल्या हे इंदुमतीबाईंना ठाऊक होते. त्यांनी बोटांवर गावे मोजून दाखवली, सगळी, मनातला हिशेब मोजावा तशी.

पुढच्या रविवारी दोघी एस.टी.ने निघाल्या. केतकीच्या पिशवीत मुलींच्या संघाची सोळा पाने होती आणि टोक काढलेल्या दोन लाल पेन्सिली. पहिल्याच गावात एका घराचे दार एका जाडसर, हसऱ्या बाईने उघडले. इंदुमतीबाईंना पाहून ती दारातच ओरडली, "इंदे, तू?" आणि मग दोघी बोलतच राहिल्या. केतकी उंबऱ्याशी उभी राहिली. त्यांचे बोलणे संपेपर्यंत, अजिबात घाई न करता. मग तिने पान पुढे केले आणि विचारले, "मावशी, यात तुम्ही कुठं आहात, ते मला दाखवाल का?"

आपल्या कपाटात कोणाची नोंद असेल, तर कुलूप लावण्यापूर्वी ती एकदा त्याच्या हाती द्यावी.